दोन पेडांचं दावं

वासरू उभं राहीना.

सुनेनं शेणात गुडघे टेकले, त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि त्याला उचलून धरलं. मागचे पाय जमिनीला लागले, पुढचे लागले नाहीत. ते गुडघ्यात आत मुडपलेले होते, वाळलेल्या वेलीच्या गाठीसारखे. चोळून सुटेनात, ओढून सरळ होईनात. बाकी वासरू बघत राहावं असं होतं. भरल्या छातीचं, तकतकीत अंगाचं, कपाळावर पांढरा चांद. बदामी गायीनं चाटून चाटून त्याला कोरडं केलं होतं आणि आता ती नाकानं त्याला ढुसण्या देत होती, ऊठ म्हणून. सूनही मनात तेच म्हणत होती.

तिचे सासरे, पारखी, गोठ्यात आले तेव्हा सकाळ झाली होती, पण उजेड कसा तो नव्हता. कित्येक दिवस ऊन पडलं नव्हतं. गोठ्यापुढची चिकण माती पायाला तव्याएवढी चिकटून वर येत होती आणि वैरणीच्या गंजीला बुरशीचा वास सुटला होता. त्यांनी वासराच्या चांदावर बोट फिरवलं, छातीवर हात ठेवला, कण्यावरून शेपटीपर्यंत बोटं नेली. चेहरा खुलला. मग पाय पाहिले आणि हात काढून घेतला.

"आईची खोट," ते म्हणाले, आणि हात धुवायला हौदाकडे गेले.

बोलणं एवढंच झालं. पण त्या घरात या दोन शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाशी लागणार. गेल्या साली काळी अशीच गेली होती, तिच्याआधी शिंगमोडी. टेम्पो पुढं कुठं जातो हे कोणी विचारत नसे. म्हाताऱ्या गायी, आटलेल्या गायी आणि पारख्यांच्या घरच्या खोटवाल्या गायी, सगळ्यांची वाट एकच.

सासऱ्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना आठवत असेल. जनावराच्या पाठीवरून हात फिरवून ते त्याच्या आजीचं दूध सांगतात, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. त्यांचा वळू थोरला. त्याला लहानपणापासून त्यांनी हातानं चारलं होतं. गावातली एकही गाय त्याच्यावाचून फळलेली नव्हती. पारख्यांचा हिशेब सोपा होता: चांगलं ते बापाकडून. कपाळाचा चांद बापाचा, छाती बापाची, आचळांची ठेवण बापाच्या आईची. आणि आईकडून काय येतं? तर खूर, खोड आणि खोकला. वळू म्हणजे बी, गाय म्हणजे जमीन, असं ते सांगत. पीक साधलं की बियाण्याचं नाव व्हायचं, बुडालं की जमिनीला शिव्या.

त्यातही त्यांची एक खास रीत होती. थोरल्याची कालवड वयात आली की ते ती पुन्हा थोरल्यालाच दाखवत. रंगाऱ्याचा दाखला देत. कापड एकदा बुडवलं तर दोन धुण्यांत विटतं, दोनदा बुडवलं तर फाटेपर्यंत रंग जात नाही. बाहेरचं बी त्यांना चालत नसे. गुरांचे डॉक्टर गार डब्यातून बी घेऊन गावोगाव फिरत, त्याला पारखी 'डबाबंद नवरदेव' म्हणत आणि गाव खो खो हसे. बदामी ही थोरल्याची मुलगी, आणि तिची दोन्ही वेतं थोरल्याचीच. पहिल्या वेताची चांदणी आता दोन वर्षांची झाली होती, दृष्ट लागावी अशी कालवड. दुसरं वेत हे.

घरातही तीच रीत. मुलासाठी त्यांनी बाहेरची मुलगी पाहिलीच नाही. बायकोच्या भावाची मुलगी करून आणली. इतर घरच्या सुना सासूला नुसतं आत्याबाई म्हणतात, हिची मात्र सख्खी आत्या. लहानपणी ज्याच्याशी अरे-तुरे करून भांडायची, त्यालाच लग्नानंतर चारचौघांत अहो म्हणायची वेळ आली. पाहिलेलं रक्त बरं, असं पारखी म्हणत. आणि खरंच, घरात भांडण नव्हतं, तंटा नव्हता.

मग चिऊ झाली. पाळण्यात फार चिवचिवायची म्हणून चिऊ. पुढं एकदा तिच्या पाठीमागं पितळेचा हंडा फरशीवर पडला. सगळं घर दचकलं आणि चिऊ तेवढी समोरची मुंगी बघत राहिली. आत्यानं त्याच दिवशी निदान करून टाकलं: हे माझ्या भावजयीच्या घरून आलं. भावाकडून आलं म्हणायची सोय नव्हती, भाऊ तिचा स्वतःचा होता. तेव्हापासून चिऊचा विषय निघाला की आत्या सुनेच्या आईचं नाव घेई, वाईट बोलत नसे, नुसतं नाव घेई. सून ऐकून घेई. तिला वाटे, असेलही. पोटात तर आपणच वाढवली.

चिऊ आणि बदामी एकाच पावसाळ्यातल्या. एक पाळण्यात होती तेव्हा दुसरी अंगणात धडपडत होती. चिऊ चालायला लागली ती गोठ्यातच, आणि कधीतरी, कसं कोण जाणे, तिला बदामीचा गळा सापडला. बदामी हंबरायच्या बेतात आली की तिच्या कानांवरूनच चिऊला कळायचं. ती धावत जाऊन तळहात तिच्या गळ्याला लावायची. हंबरणं हातातून खांद्यापर्यंत चढायचं. चिऊ डोळे मिटून घ्यायची आणि तिच्याही तोंडातून एक जाडसर आवाज निघायचा, तसाच, खालून वर जाणारा. एरवी ही पोर घरात सावलीसारखी फिरायची. सुनेला तेवढ्या आवाजावर दिवस काढता यायचा. त्या आवाजाच्या वाटेनं उद्या एखादा शब्द येईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर हसले असते.

त्यामुळं त्या सकाळी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, ती सासऱ्यांच्या मागं हौदापर्यंत गेली. बदामीला ठेवू या म्हणाली. पुन्हा फळवू नका हवं तर, नुसती राहू दे, दूध आहे तोवर दूध देईल, नंतर शेण देईल. पारख्यांनी तिला वेडंवाकडं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, मुली, नासकं फळ टोपलीत ठेवलं तर बाकीच्यांना कळत नाही आपण चांगले आहोत म्हणून. आणि त्यांनी हात पुसले.

वासरू दुसऱ्या दिवशी गेलं. बदामीची जार, वासरामागून पडायची ती, काही पडेना. सुनेनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि तो सायकल काढून डॉक्टरांना आणायला गेला. बोलण्यात तो कधी कोणाच्या बाजूचा नसे, पण सांगितलेलं काम टाळत नसे.

डॉक्टर मोटारसायकलवरून आले ते मांड्यांपर्यंत चिखलानं माखून. त्यांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, मान वळवून, डोळे मिटून, आतली जार बोटांनी सोडवत राहिले. बदामी थरथरली, पण पाय उचलला नाही. चिऊ तिच्या गळ्याशी हात लावून उभी होती. काम झाल्यावर डॉक्टरांना कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेलं वासरू दिसलं. त्यांनी पोतं वर केलं, पुढचे पाय दाबून पाहिले.

याचा बाप कोण, त्यांनी विचारलं. थोरला. आणि गायीचा? तोही थोरलाच. डॉक्टर हौदाशी जाऊन हात धुवत बसले. धुऊन झाले तरी धुवतच राहिले.

परत आले तेव्हा त्यांनी खुंटीवरचं जुनं दावं काढलं आणि सुनेपुढं धरलं. "हे कितीपेडी आहे?"

"दोन."

"जनावराचा प्रत्येक गुण असाच दोन पेडांचा असतो. एक पेड आईचा, एक बापाचा. रंग असो, दूध असो, पाय असोत. आता समज, यातला एक पेड आतून कुजका आहे. तरी दावं तुटेल का?"

"नाही. दुसरा ताण घेईल."

"आणि कुजका आहे हे बाहेरून दिसेल?"

तिनं दाव्यावरून बोट फिरवलं. "नाही दिसणार."

"तेच. दोन्ही पेड कुजके आले तरच तुटतं. या वासरात दोन्ही आले."

सुनेच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो तिनं सरळ विचारला. बदामीत खोट आहे की नाही? नाही म्हणावं म्हणून ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "तिच्यात एक कुजका पेड आहेच, नाहीतर हे वासरू असं झालं नसतं. पण तो तिला दिला थोरल्यानंच. या वासराचे दोन्ही पेड त्याच्याकडचे. एक त्यानं सरळ दिला, एक बदामीच्या हातून पोचला."

ती दाव्याचा पीळ उलगडत बसली. वर न बघता तिनं विचारलं की माणसांचंही असंच असतं का.

डॉक्टरांनी चिऊकडे पाहिलं. पोर डोळे मिटून उभी होती. "मी गुरांचा डॉक्टर," ते म्हणाले. मग दावं खुंटीला अडकवत म्हणाले, "दावं सगळ्यांचं दोनच पेडांचं असतं, बाई."

तेव्हा तिनं त्यांना एक गळ घातली. वैरणीला बुरशी आली आहे, ती खाल्ल्यानं वासरू असं झालं, असं मामंजींना सांगा. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वैरणीवर ढकललं तर गाय वाचेल खरी, पण पुढच्या माजाला ती परत थोरल्यापुढंच उभी राहील, आणि तिच्यामागं चांदणी. मग खोटं बोलून मी वाचवलं काय, ते म्हणाले.

"ही गाय," सून म्हणाली.

पण डॉक्टरांचा खऱ्यावर भरवसा होता. तेही चांगलेच होते. म्हणाले, चला, मी बोलतो त्यांच्याशी.

अंगणात पारखी बाजेवर बसले होते. गिरणीवाला आपली गाय घेऊन आला होता थोरल्याला दाखवायला, त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं. डॉक्टरांना बसायला दिलं, चहा आला. डॉक्टरांनी सगळं परत सांगितलं, दाव्याचा दाखला देऊन, सावकाश. पारखी मध्ये एकदाही बोलले नाहीत. जनावराचं काही सांगणाऱ्या माणसाला ते कधी तोडत नसत. सून दाराआड उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे अर्धी खोट गायीची," पारखी शेवटी म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर. पण अर्धी वळूची."

"आता बघा. गायीची वेतं दोन, त्यातलं एक बिघडलं. वळूची वासरं गावभर आहेत. त्यात बिघडलेली किती? हाताच्या बोटांवर मोजावीत. मग तुमच्याच हिशेबानं कोणाला काढू?"

"उभी आहेत त्यांतल्या निम्म्यांत तो कुजका पेड असेल."

"दिसतो का?"

"नाही दिसत."

"मग झाकली मूठ," गिरणीवाला म्हणाला, आणि सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, बदामीचा कुजका पेडही थोरल्याचाच आहे.

पारख्यांनी कप खाली ठेवला. त्यांना हे नवीन होतं आणि त्यांनी ते नीट मनात घोळवलं. मग विचारलं, "दुसरा पेड तिला तिच्या आईकडून मिळाला ना? तो चांगला?"

"चांगलाच असणार. ती स्वतः धड आहे."

"म्हणजे एक चांगला, एक कुजका, दोन्ही तिच्यापाशी होते. वासराला द्यायची वेळ आली तेव्हा तिनं चांगला ठेवून घेतला आणि कुजका दिला. मग खोट कुणाची?"

"ते तिच्या हातात नसतं."

"मग कुणाच्या हातात असतं?"

"कुणाच्याच नाही," डॉक्टर म्हणाले.

आतापर्यंत लोक कान देऊन ऐकत होते, पण हे कोणाला पटेना. ज्यात कुणाचीच खोट नाही अशी गोष्ट गावाच्या गळी उतरत नाही. कोणीतरी खाकरलं. गिरणीवाला उठला आणि आपल्या गायीचा कासरा सोडायला लागला. डॉक्टर जाता जाता एवढं म्हणाले की थोरल्याला थांबवा, त्याच्या वंशाचा दुसरा वळू असेल तर त्यालाही थांबवा, निदान त्याच्या मुली तरी त्याला दाखवू नका. पारखी त्यांना मानानं फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येऊन त्यांनी सुनेला हाक मारली, बदामीला गरम पाणी पाज म्हणाले, चार दिवस आहेत तोवर तिची आबाळ नको.

आणि गावात थोरल्याच्या रक्ताचं नाही असं जनावर तरी कुठं उरलं होतं? थांबवायचं म्हटलं तरी कशापासून थांबवायचं.

दुसऱ्या दिवशी सून आणि तिचा नवरा वैरण कापत होते. तो कुट्टीचं चाक फिरवत होता, ती पेंढ्या आत सारत होती. जनावरांच्या घरात नवरा-बायकोला बोलायला अशीच जागा मिळते, कारण चाकाच्या आवाजात बाहेर ऐकू जात नाही.

"चिऊ अर्धी तुमची आहे," ती म्हणाली.

चाक थांबलं नाही. "माहीत आहे मला."

"मग आत्या माझ्या आईचं नाव घेते तेव्हा तुम्ही गप्प का बसता?"

त्यानं दोन फेरे घेतले. तिसऱ्याला हात जड झाला. "तुझ्या आईचं नाव घेतात तोवर माझ्या आईचं निघत नाही."

"म्हणजे?"

"आजीची धाकटी बहीण आठवते? परसात जात्याशेजारी बसायची. आपण मागून जाऊन हाका मारायचो तिला. हळू, मग मोठ्यानं, मग ओरडून. ती मागं बघायचीच नाही. आणि आपण हसायचो." चाक थांबलं. "तू जास्त हसायचीस."

सुनेला आठवलं. पांढरा पातळ अंबाडा, मानेवरचा तीळ, आणि त्या मानेमागं तोंडावर हात दाबून उभी असलेली दोन मुलं. ती आजी त्याच्या आईची आई, आणि तिच्या बापाचीही आई. एकच म्हातारी. तिच्यापासून एक पेड आत्याच्या हातून त्याच्यात आला, एक बापाच्या हातून हिच्यात. आणि दोघं परसात उभे राहून त्याच गोष्टीला हसत होते.

तिच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

संध्याकाळी ती आत्यापाशी बसली. आजीच्या बहिणीचं तिनं काढलं नाही. नुसतं म्हणाली, मामंजी तुझं ऐकतात, बदामीसाठी एक शब्द टाक. आत्या धान्य निवडत होती. मान वर न करता हळू आवाजात म्हणाली, "पोरी, गायीसाठी तोंड उघडलं तर पुढं ते मिटू कुठं?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. चिऊच्या मागं हंडा पडला त्या दिवसापासून ठाऊक असणार. सुनेला राग यायला हवा होता. तो आला नाही. आत्याची बोटं सुपात खडे शोधत होती आणि सूप केव्हाच निवडून झालं होतं.

सून सासऱ्यांपुढं जाऊन बोलू शकली असती. चिऊचे दोन्ही पेड कुठले, हे अंगणात उभं राहून सांगू शकली असती. पण त्या अंगणात खोट अर्धी-अर्धी ठरली की टेम्पोत कोण चढतं, हे तिनं नुकतंच पाहिलं होतं. बाई गेली म्हणून घर थांबत नाही. नवऱ्याला दुसरी आणतील, पाहिलेल्या रक्ताचीच आणतील, आणि चिऊ या घरची म्हणून इथंच राहील.

बाजाराच्या दिवशी पारखी सकाळीच मळ्याकडे निघून गेले. टेम्पो यायचा असला की ते घरी थांबत नसत. काळीच्या वेळीही थांबले नव्हते. बदामीला त्यांनी कालवड असताना बाटलीनं दूध पाजलं होतं, ते कोणी विसरलं नव्हतं. जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून ते थोडे उभे राहिले, इतकंच.

टेम्पोला फळी लावली. व्यापाऱ्याच्या माणसानं ओढलं, शेपूट पिरगाळलं, बदामी फळीवर पाय ठेवीना. दारात तमाशा नको म्हणून शेवटी सूनच पुढं झाली. तिनं मूठभर हिरवं घेतलं आणि उलट्या पावली फळी चढली. बदामी तिच्यामागं आली, जशी रोज खुंट्यापाशी येई तशी. चिऊ बाजूनं चालत आली, हात गळ्याशी. वर चढल्यावर बदामी एकदा हंबरली. चिऊनं डोळे मिटले. ते हंबरणं संपेपर्यंत व्यापाऱ्याचा माणूसही थांबला, मग त्यानं फळकूट लावायला घेतलं आणि आत्यानं येऊन पोरीला उचललं. चिऊ रडली नाही. गाय फिरायला चालली असं तिला वाटलं असेल.

दुपारी ती खुंट्यापाशी जाऊन बसली. मग उठून फाटकापर्यंत गेली. मग पुन्हा खुंट्यापाशी. सून भांडी टाकून तिच्याजवळ गेली, पुढ्यात बसली, आणि पोरीचा हात उचलून स्वतःच्या गळ्याला लावला. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून ती हंबरली. आधी हळू, मग छातीतून, खालून वर. शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि काही न बोलता खाली गेली. चिऊ हात लावून लक्ष देत होती. तिनं हात जरा वर सरकवला, जरा खाली. आईच्या तोंडात वाकून पाहिलं. मग हात काढून घेतला आणि मान हलवली. लहान गळा होता तो. त्यात काही नव्हतं.

पारखी मळ्यातून परतले तेव्हा चांदणी दावं तोडायला आली होती. सकाळपासून तिचा चारा तसाच होता, कान फिरत होते, मागं वळून वळून बघत होती. माजावर आली होती. समोर थोरला जमीन उकरत होता. पारख्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला. घरात सगळ्यांना बरं वाटावं असं काहीतरी आज व्हायला हवंच होतं, असं ते म्हणाले. त्यांनी थोरल्याला सोडून वेसणीच्या दोरीनं अंगणात आणलं.

आजोबा दिसल्यावर चिऊ उठली आणि धावत त्यांच्याकडे गेली. त्यांनी नेहमीसारखं तिला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात वेसण. थोरल्यानं मान खाली घातली आणि डुरकला. पायाखालची जमीन, आजोबांचं अंग, सगळं त्या आवाजानं घुमलं. चिऊ दचकली. तिनं वळून वळूकडे पाहिलं, मग हात लांब करून तळवा त्याच्या गळ्याला लावला.

तो पुन्हा डुरकला. बदामीच्या दुप्पट तो गळा, आणि आवाज खोल, न संपणारा. चिऊनं डोळे मिटले. तिच्या तोंडातून तो जाडसर आवाज आला, आजवर आला नव्हता इतका मोठा, आणि त्यानंतर ती हसली, खळखळून. या घरात तिचं असं हसणं कोणी ऐकलं नव्हतं. आत्या पदर डोळ्याला लावत दारात आली. नवरा चाक सोडून उभा राहिला.

पारख्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते म्हणाले, "हिलासुद्धा कळतं." मग त्यांनी सुनेला सांगितलं, चांदणीला धर, ओढेल ती, सुटू देऊ नको.

सुनेनं दावं हातात घेतलं. कालच वळलेलं होतं, घायपाताच्या नव्या वाखाचं. तिनं ते मनगटाला एक वेढा जास्त दिला आणि घट्ट धरून उभी राहिली.